पाणी वापरणारा कोण?

काही वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यात पाण्याच्या प्रश्नावर एक बैठक झाली. बाहेरून आलेले अभ्यासक होते, खात्याचे लोक होते, गावोगावचे शेतकरी होते. भिंतीवर नकाशा टांगलेला. निळ्या रेषा म्हणजे नद्या, लाल रेषा म्हणजे कालवे, हिरवा भाग म्हणजे लाभक्षेत्र. एका तरुण अभ्यासकाने प्रत्येकाकडून माहितीचा तक्ता भरून घ्यावयास सुरुवात केली. माझी पाळी आली. नाव, गाव, वय झाले. मग त्याने विचारले, "क्षेत्र किती?" मी म्हणालो, "क्षेत्र नाही." त्याने तक्त्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि नम्रपणे पेन खाली ठेवले. पुढचे चौदा-पंधरा प्रश्न क्षेत्रावर अवलंबून होते. क्षेत्र नसलेल्या माणसाला विचारण्यासारखे त्या कागदावर काहीच उरले नव्हते.

त्या तरुणाचा ह्यात दोष नाही. तो सभ्य होता, त्याची कळकळही खरी होती. परंतु तो तक्ता कोठून आला, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडीत नाही. शास्त्र आणि निर्णय ह्यांची सांगड घालावी, संशोधकांनी गावात यावे, गावाने संशोधकांबरोबर बसावे, त्यांतून जमीन, पाणी, जंगल टिकेल असा कारभार उभा राहावा, असे हल्ली जगभर बोलले जाते. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाचा विचार मांडला. १९९२ च्या जानेवारीत डब्लिनच्या जलपरिषदेने सांगितले की, पाण्याच्या कारभारात वापरणारे, नियोजक आणि धोरण ठरविणारे ह्या सर्वांचा सहभाग असला पाहिजे. हे शब्द चांगले आहेत. परंतु आमच्या वणीच्या वाड्यावस्त्यांवरून पाहिले की पहिल्याच शब्दाशी पाय अडखळतो. वापरणारा म्हणजे कोण? ह्या एका शब्दाचा आमच्या भागातला इतिहास मला येथे मांडावयाचा आहे.

१

वणी हे सप्तशृंगीच्या पायथ्याचे गाव. चैत्रात आणि नवरात्रात लाखो माणसे येथून गडावर जातात. डोंगराच्या ह्या बाजूला पडलेला पाऊस उनंदा, कोळवण, कादवा ह्या नद्यांना मिळतो, आणि कादवा नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीत जाते. ह्याच पाण्यावर स्वातंत्र्यानंतरच्या काळात धरणांची एक साखळी उभी राहिली. पाटबंधारे खात्याच्या तक्त्यांत त्यांची साठवणक्षमता दशलक्ष घनफुटांत नोंदलेली असते: करंजवण ५३७१, वाघाड २३०२, ओझरखेड २१३०, पालखेड ६५३, पुणेगाव ६२३, तिसगाव ४५५. पालखेडचा डावा कालवा निफाड ओलांडून येवल्याकडे जातो. ज्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेच हे येवले.

सन १९७२ च्या दुष्काळात माझी माय प्रथम रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती, नंतर करंजवणच्या भरावावर मातीच्या पाट्या वाहू लागली. मी तेव्हा शाळेत होतो. सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जाई. लाल मिलोच्या भाकरीचा आणि सुकडीचा वास मला अजून आठवतो. तिच्या टोळीतल्या बायका महारवाड्यातल्या, भिलाटीतल्या आणि सुरगाण्याकडून उतरलेल्या कोकणा समाजातल्या होत्या. माती कोठली चिकट, कोठली पाणी धरील, कोणत्या थरावर पाणी जास्त मारावे लागते, हे त्या बायका पाटी डोक्यावर घेताच सांगत. मुकादम त्यांचे ऐके, कारण त्याला काम पुढे रेटावयाचे असे. हे ज्ञान कोठल्याही वहीत उतरले नाही. हजेरीपटावर फक्त अंगठे उतरले.

धरण झाले. कालवे निघाले. आमचा जो काही हाडोळा होता तो कालव्याच्या वरच्या अंगाला. पाणी आपल्या गतीने उताराला खालून गेले. इंजिनियरने समपातळीची रेषा आखली ती जात पाहून आखली नव्हती, हे मी मान्य करतो. परंतु गावाने शेकडो वर्षांपूर्वी काळी आणि सपाट जमीन कोणाला द्यावयाची आणि माळावरचा मुरूम कोणाला द्यावयाचा हे ठरविले होते, ते जात पाहूनच ठरविले होते. रेषा निर्दोष होती. ज्या जमिनीवर ती पडली ती जमीन निर्दोष नव्हती. शास्त्र असे नकळत जुन्या निवाड्यावर शिक्कामोर्तब करून जाते.

महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. वतन प्रत्यक्षात खालसा झाले ते १९५८ च्या कायद्याने, त्यांच्या निधनानंतर. जमीन नावावर होण्याचा मार्ग मोकळा झाला, पण तोवर एकेका तुकड्याला वारसांची रांग लागली होती. आमच्या सातबाऱ्यावर अर्ध्या एकराला सतरा नावे होती. सतराजणांत अर्धा एकर म्हणजे क्षेत्र नव्हे. म्हणूनच त्या बैठकीत मी "क्षेत्र नाही" असे सांगितले.

२

पाण्याचे ज्ञान आणि पाण्याचा निर्णय एकत्र असावेत ही गोष्ट आमच्या मुलुखाला नवी नाही. सप्तशृंगीची रांग ओलांडली की पलीकडे कळवण-बागलाण. तेथे आरम आणि मोसम नद्यांवर, पुढे धुळ्यात पांझरेवर, फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे, प्रत्येकाची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात असावयाची. त्यामुळे पाणी वर आहे की खाली, ह्याचा फायदा-तोटा सर्वांत वाटला जाई. नदीला पाणी किती आहे हे पाहून यंदा किती फड भिजवावयाचे ते पंच ठरवीत. पाहणी आणि निर्णय ह्यांत अंतर नव्हते. आजचे अभ्यासक फडाचे कौतुक करतात ते रास्तच आहे.

परंतु फडाचे पंच हे खातेदारांचे पंच होते. पाटावर पहारा करणारे, पाणी पट्टीपट्टीत फिरविणारे, रात्री बेरात्री दारे धरणारे जागले-पाटकरी हे धान्याच्या मोबदल्यावरचे चाकर. पाटात पाणी किती आणि ते कोठे पाझरते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी निर्णयाच्या बैठकीत ते ऐकणारे होते, बोलणारे नव्हते. टिकाऊपणा आणि न्याय ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे फडाने आम्हाला शिकविले आहे. विषमताही फार टिकाऊ असते.

जोतीराव फुल्यांनी हा प्रश्न १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये नेमका पकडला होता. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी आणि माती शेतात जिरवावी, सरकारने आपल्या पलटणी त्या कामाला लावाव्यात, पाण्याचे झरे शोधून काढावेत, असे उपाय त्यांनी सुचविले. पाणलोटाचे शास्त्र म्हणून जे आज शिकविले जाते त्याचा गाभा त्यांत आहे. जोतीरावांचे वेगळेपण असे की, त्यांनी हे ज्ञान राबणाऱ्याच्या बाजूने मागितले आणि निर्णय करणाऱ्या सरकारला जाब विचारला.

निर्णय कागदावर होणे आणि तो माणसापर्यंत पोहोचणे ह्यांतले अंतर महाडने दाखविले. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचे ठरविले. तरी २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांना बाबासाहेबांच्या मागे चवदार तळ्यावर चालत जावे लागले, मार खावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली मिळाला. ठरावाला पाय नसतात. माणसे चालली तेव्हा ठराव चालला.

बाबासाहेबांच्या जीवनातील आणखी एक पर्व आमच्या व्यासपीठांवरून कमी सांगितले जाते. १९४२ ते १९४६ ह्या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला दामोदर खोऱ्याची परिषद, त्याच वर्षी नोव्हेंबरात कटकला ओरिसाच्या नद्यांची परिषद. दोन्हींत त्यांनी नदीचे खोरे हा एक घटक धरून पूर, सिंचन, वीज, नौकानयन ह्यांचा एकत्र विचार व्हावा असा आग्रह धरला. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. तज्ज्ञ, प्रांतिक सरकारे आणि केंद्र ह्यांना एका खोऱ्याभोवती बसविण्याचा हा प्रयत्न आहे. ज्याला गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता त्याच समाजातला माणूस देशाच्या नद्यांचा विचार करीत होता. ह्या घटनेचा अर्थ आम्ही पुरता लावलेला नाही. आम्ही पाण्याचा विचार 'पाणवठ्यावर प्रवेश' एवढ्यापुरता ठेवला. खोऱ्याचा कारभार हाही आमचाच विषय आहे, हे बाबासाहेबांनी कृतीने सांगितले होते.

३

आता आमच्या तालुक्यातल्या त्या प्रयोगाकडे येतो, ज्याचे नाव देशभर झाले. तो म्हणजे वाघाड.

वाघाड धरण कोळवण नदीवर. त्याच्या उजव्या कालव्याचे शेपूट ओझरकडे. शेपटाला पाणी पोहोचत नसे. ऐंशीच्या दशकात ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे ह्या कार्यकर्त्यांनी, पाणी जाते कोठे ह्याचा शोध घेण्यास सुरुवात केली. १९९० च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. खात्याशी करार झाला: संस्थेने पाणी मोजून, घनमापाने घ्यावयाचे आणि आपल्या सभासदांत आपण वाटावयाचे, पीक कोणते घ्यावे ह्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला. नाल्यांवर बंधारे घालून कालव्याचे पाणी त्यांत सोडले, ते जमिनीत मुरले, विहिरींना उतरले. कालवा आणि विहीर हे दोन हिशेब एकत्र आले. पुण्याच्या सोपेकॉम संस्थेचे अभियंते-अभ्यासक ह्या कामात सोबत होते. पुढे संस्था वाढत चोवीस झाल्या, आणि नव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या प्रकल्पस्तरीय संघाने सबंध वाघाडचे व्यवस्थापन हाती घेतले. धरणापासून शेतचारीपर्यंतचा कारभार वापरणाऱ्यांच्या हाती आल्याचे हे आपल्या राज्यातले अग्रगण्य उदाहरण आहे.

ह्या कामाला मी कमी लेखीत नाही. शेपटाच्या शेतकऱ्याला त्याने पाणी दिले. पाटकऱ्याच्या मर्जीवर चालणारा कारभार मोजमापावर आणला. अभ्यासक, खाते आणि गाव एकमेकांशी बोलू लागले. १९९९ साली माधवराव चितळे आयोगाने आपला अहवाल दिला, आणि २००५ साली महाराष्ट्राने दोन कायदे केले: शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींच्या व्यवस्थापनाचा एक, आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा दुसरा. ओझर-वाघाडचा अनुभव ह्या कायद्यांच्या आधी जमा झालेला होता. गावात शिकलेली गोष्ट मुंबईच्या विधानभवनापर्यंत गेली, असे क्वचित घडते.

परंतु त्या कायद्यांत आमचे काय झाले? पाणी वापर संस्थेचा सभासद कोण, तर लाभक्षेत्रातील जमिनीचा धारक किंवा भोगवटादार. प्राधिकरणाच्या कायद्यात पाण्याचा कोटा लाभक्षेत्रातील जमिनीच्या प्रमाणात. त्यात एक मायेचे कलमही आहे. टंचाईच्या काळात प्रत्येक भूधारकाला शक्यतो निदान एक एकर भिजेल इतके पाणी मिळावे, असे ते म्हणते. लहान शेतकऱ्याची काळजी त्यात आहे. मात्र वाक्याचा कर्ता भूधारक आहे. भूमिहीन त्या वाक्यात पाऊलही टाकू शकत नाही. त्या बैठकीतल्या तक्त्याचे मूळ मला येथे सापडले. तो तरुण कायद्याची व्याख्याच हातात घेऊन माझ्यासमोर बसला होता.

कोणी म्हणेल, सिंचनाचे पाणी जमिनीलाच द्यावयाचे, मग भूमिहीनाला सभासद करून काय साधणार? हा प्रश्न विलासराव साळुंखे ह्यांना पडला नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला ह्या अभियंत्याने पाणी पंचायत सुरू केली. तेथे पाण्याचा हक्क जमिनीवर ठरला नाही, घरातल्या माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. ऊस नाही. जमीन विकली तर पाणी जमिनीबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऐंशीच्या दशकात सांगली जिल्ह्यात येरळेच्या काठी तांदुळवाडी आणि बलवडी ह्या गावांनी बळीराजा धरण उभे केले. मुक्ती संघर्ष चळवळ, लोकविज्ञान संघटना, के. आर. दाते ह्यांच्यासारखे अभियंते आणि दुष्काळी गावकरी ह्यांची ती भागीदारी होती. तेथेही भूमिहीनासह प्रत्येक कुटुंबाला समान पाणी हे तत्त्व स्वीकारले गेले. भूमिहीन आपला वाटा घेऊन खंडाने वा अर्धेलीने जमीन कसू शकतो, हा विचार त्यामागे आहे. तेव्हा हे अशक्य नव्हते. शास्त्रज्ञही होते, गावेही होती. कायदा लिहिताना जो मार्ग निवडला तो ह्या दोहोंपैकी नव्हता, एवढेच.

४

वणी-दिंडोरीत पाण्याचा सर्वांत मोठा बदल द्राक्षाने घडविला. द्राक्षबागाईतदार आणि संशोधक ह्यांचे नाते हाही एका भागीदारीचा नमुना आहे. पुण्याजवळ मांजरीला १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. २००३ साली कीटकनाशकांच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांची अडवणूक झाली, तेव्हा अंश तपासण्याची व्यवस्था लवकरच उभी राहिली. २०१० साली क्लोरमेक्वाट ह्या संजीवकाच्या अंशावरून पुन्हा संकट आले, पुन्हा प्रयोगशाळा, संघ आणि सरकार एकत्र बसले. शास्त्र निर्णयापर्यंत किती लवकर पोहोचू शकते, हे ह्यावरून कळते. मालाला किंमत असली की ते धावत पोहोचते.

आता हाच रस्ता उलट दिशेने पाहा. औषध द्राक्षाच्या सालीवर किती राहिले हे दशलक्षांशांत मोजले जाते. ते फवारणाऱ्याच्या अंगात किती गेले? छाटणीच्या हंगामात सुरगाणा-पेठकडून मजुरांच्या टोळ्या येतात. आमच्या वस्तीतली पोरे त्यांच्याबरोबर बागेत जातात. मी वणीच्या बाजारात ह्यांपैकी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतल्या एकाचेही रक्त कोणी कधी तपासले नव्हते. एकजण हसून म्हणाला, "बाबा, आपल्याला कुठं विलायतेला जायचंय?" २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा राज्याला जाग आली. इशारा देणारी माणसे बागेत रोज उभी होती. त्यांना विचारणारा तक्ता मात्र नव्हता.

पाण्याचेही असेच आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबरचा साठा पाहून कालवा सल्लागार समिती रब्बी आणि उन्हाळी आवर्तने ठरविते. एक आवर्तन कमी झाले तर किती हेक्टर पीक जाईल ह्याचा हिशेब होतो. किती मजुरांचे किती दिवसांचे काम जाईल, ह्याचा हिशेब होत नाही. बागाईतदार त्या वर्षी टँकरने बाग वाचवील. मजूर नाशिकच्या नाक्यावर जाऊन उभा राहील. पाणी आटले की सर्वांत आधी गाव सोडतो तो, आणि तरीही 'पाणी वापरणारा' ह्या व्याख्येत बसत नाही तोही तोच.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. संशोधनाची भागीदारी करावयाची तर तिचा घटक जमीन असून चालणार नाही, कुटुंब असले पाहिजे. वाघाडसारख्या प्रत्येक प्रकल्पात लाभक्षेत्रातल्या सर्व घरांची नोंद व्हावी: पिण्याचे, वापराचे, शेळ्या-गुरांचे पाणी आणि पाण्यावर अवलंबून असलेली मजुरी ह्यांसह. पाण्याच्या वार्षिक अंदाजपत्रकात हेक्टरशेजारी मजुरीच्या दिवसांचा रकाना असावा. संस्थेच्या बैठकीत भूमिहीनांचे प्रतिनिधी बोलण्याच्या अधिकाराने बसावेत. ह्यासाठी नव्या धरणाची गरज नाही. एका व्याख्येत दुरुस्ती करावी लागेल.

आमच्याही तरुणांना मला सांगावयाचे आहे. आम्ही कथा-कवितेतून आमचे दुःख सांगितले, ते आवश्यक होते. आता आवर्तनाचा तक्ता वाचता आला पाहिजे, घनफूट आणि क्युसेक समजले पाहिजेत, कायद्याच्या कलमावर हरकत लिहिता आली पाहिजे. बाबासाहेब दामोदर खोऱ्याच्या परिषदेत बोलले ते आकडे हातात घेऊन बोलले.

त्या बैठकीनंतर मी घरी येऊन एक कागद घेतला आणि आमच्या वस्तीतली घरे मोजली. प्रत्येक घरात माणसे किती, हंडे किती, शेळ्या किती, गेल्या वर्षी बागेत काम किती दिवस मिळाले, करंजवण-ओझरखेडच्या भरावावर कोणाची माय, कोणाची आजी राबली होती, हे सर्व मी विचारून लिहिले. दोन महिने लागले. क्षेत्राचा रकाना मी ठेवलाच नाही. तो तरुण पुन्हा आला तर हा कागद मी त्याच्या हाती देणार आहे, आणि तो आला नाही तर कालवा समितीच्या बैठकीच्या दिवशी आम्ही काहीजण तो घेऊन जाणार आहोत.